चौथी सूचना: श्रवणतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष असल्याचं निदान झालं. त्या दिवशी तपासणी आटोपून बाहेर पडले तेव्हा माझ्या हातात बेराचा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहणाऱ्या श्रवणचाचणीचा, रिपोर्ट होता, श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे घ्यायला कधी यायचं ती तारीख होती, आणि 'पालकांसाठी सूचना' असा एक छापील कागद होता. रिपोर्टमधले आलेख मला कळत नव्हते. कागद मात्र त्या रात्री इतक्या वेळा वाचला, की तो आजही मला तोंडपाठ आहे. त्यातली चौथी सूचना अशी होती: 'बाळाशी बोलताना हातवारे करू नयेत. खाणाखुणांची सवय लागल्यास मूल बोलण्याचा प्रयत्न करत नाही.'

हे पत्र त्या चौथ्या सूचनेबद्दल आहे.

ज्यांनी तो कागद दिला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी निदान नीट केलं, यंत्रं नीट बसवून दिली, मी रडत होते तेव्हा पुढचा पेशंट थांबवून ठेवला. त्यांना जे शिकवलं गेलं तेच त्यांनी मला सांगितलं. पण त्या दोन ओळींपायी पुढचे काही महिने आमच्या घरात काय झालं, ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं. कारण तुमच्यापैकी बरेच जण आजही ही सूचना देतात.

मी ती तंतोतंत पाळली. बाळाला समोर बसवायचं, यंत्रं लावायची आणि बोलताना स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. दाबूनच ठेवावे लागत, नाहीतर ते आपोआप उठत. एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. खोलीत दिवा लागला. तिनं वर पाहिलं आणि अख्खा हात ताणून दिव्याकडे बोट केलं. मी जागेवरून म्हटलं, 'दिवा. दिवा लागला. दिवा.' तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ तेवढे हलत होते, बाकी मी दगडासारखी बसलेली. तिनं पुन्हा दिव्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग तिचा हात हळूहळू खाली आला.

तेवढ्यात तिची आजी आत आली. आजीला कुणी कागद दिलेला नव्हता. तिनं नातीला कडेवर घेतलं, दिव्याखाली नेलं, आपली मिटलेली मूठ तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि फटकन उघडत म्हणाली, 'दिवा लागला!' मूठ मिटली, पुन्हा उघडली. 'दिवा!' बाळानं मूठ पाहिली, दिवा पाहिला, आजीचं तोंड पाहिलं आणि ते खुदकन हसलं.

मी चिडले. 'आई, हातवारे करायचे नाहीत असं सांगितलंय ना आपल्याला.' सासूबाई म्हणाल्या, 'अगं, मग तिला कळणार कसं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाळ त्यांच्या कडेवरून काढून घेतलं.

महिनाभरानं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काही हवं असलं, काही नवं दिसलं, की मुलगी आजीला शोधायची आणि आजीकडे बघून बोट करायची. माझ्यासाठी तिचं बोट उठेनासं झालं होतं. मी रोज तासन्‌तास तिच्याशी बोलत होते, आणि तिनं मला काही सांगणं सोडून दिलं होतं. आईला हे कळतं तेव्हा काय होतं ते मी लिहीत बसत नाही.

पुढे आम्ही थेरपिस्ट बदलल्या. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'ती हातांनी काय काय सांगते?' मी गप्प. सासूबाईंनी मात्र भराभर यादी सांगितली: दिवा, 'संपलं', 'वर घे', 'नको', कुत्रा, अंघोळ. सहा! बाईंनी ते सगळं वहीत उतरून घेतलं आणि म्हणाल्या, 'म्हणजे सहा शब्द तयार आहेत. आता त्यांना आवाज द्यायचा.' त्या दिवसापासून मी वाचायला लागले, विचारायला लागले. जे कळलं ते तुम्हाला शिकवण्याइतकी मी मोठी नाही. पण त्यातलं बरंचसं तुमच्याच क्षेत्रातलं आहे आणि ते त्या कागदापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून लिहिते.

बोट दाखवणं हा भाषेच्या आधीचा टाइमपास नव्हे. साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळ वस्तू उचलून दाखवतं, हातात देतं, मग लांबच्या वस्तूकडे बोट करतं. ऐकू येणारं बाळही हेच करतं, आणि पहिला शब्द बहुधा त्यानंतर येतो. सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकू येणाऱ्या दहा मुलांना दहाव्या महिन्यापासून दोन वर्षांची होईपर्यंत घरी जाऊन पाहिलं. २००५ साली ते काम प्रसिद्ध झालं. मुलं बऱ्याच वस्तू आधी हातानं दाखवत होती आणि त्याच वस्तूंची नावं सरासरी तीनेक महिन्यांनी तोंडून येत होती. शिवाय, ज्या मुलांनी एक शब्द आणि एक हावभाव जोडून दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लवकर सुरुवात केली, त्यांची दोन शब्दांची वाक्यंही लवकर आली. म्हणजे वाक्य आधी हात आणि तोंड मिळून जुळवतात, मग एकटं तोंड ते पेलतं. पुढे २००९ मध्ये असंही दिसलं, की चौदाव्या महिन्यात मूल हातांनी किती वेगवेगळ्या गोष्टी सांगतं, यावरून साडेचार वर्षांच्या वयातल्या त्याच्या शब्दसंग्रहाचा अंदाज येतो.

माझ्या घरातही ते तसंच घडलं, म्हणून मला हे आकडे कोरडे वाटत नाहीत. चौदाव्या महिन्यात ती मूठ उघडताना 'दी' म्हणाली. सतराव्या महिन्यात एकदा दाराकडे बोट करून म्हणाली, 'बाबा.' बाबा तासाभरापूर्वी बाहेर पडले होते. एक बोट आणि एक शब्द, पण ते पूर्ण वाक्य होतं. मी हात हलवून म्हटलं, 'हो, बाबा गेले! बाबा बाहेर गेले.' काही आठवड्यांनी तिनं बोट न उचलता म्हटलं, 'बाबा गे.'

हे जे मी केलं, म्हणजे तिच्या बोटाला शब्द दिला, त्याचाही अभ्यास झालेला आहे. मूल हावभाव करतं तेव्हा आई बहुतेकदा तोच अर्थ शब्दांत म्हणून दाखवते. बाळ जणू आईला सांगतं की आत्ता मला हा शब्द हवाय. आणि आयांनी असे शब्दांत उतरवलेले हावभाव मुलांच्या बोलण्यात उतरण्याची शक्यता जास्त असते. आता विचार करा. माझं बाळ दिव्याकडे बोट करून तो शब्द मागत होतं. त्याला मागायचं कारण उरू नये, अशी व्यवस्था चौथ्या सूचनेनं केली होती.

तुम्ही म्हणाल, ही तर ऐकू येणारी मुलं. बरोबर. पण श्रवणदोष असलेल्या बाळाला हाताची गरज कमी असेल, असं कोणत्या तर्कानं म्हणायचं? यंत्र हे चष्म्यासारखं नसतं. लावलं की सगळं लख्ख, असं होत नाही. अंतर वाढलं की आवाज विरतो, गोंगाट झाला की शब्द त्यात बुडतो. बाळाचे कान भराभर वाढतात, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारतं, नवा साचा येईपर्यंत दिवस जातात. कानाला जंतुसंसर्ग झाला की यंत्र बाजूला. अंघोळीत नाही, झोपताना नाही. आणि बाळ स्वतःच ते ओढून तोंडात घालतं ते वेगळंच. तुम्हाला तुमच्या खोलीत यंत्र लावलेलं, शांत, सकाळच्या वेळचं मूल दिसतं. उरलेल्या तासांत त्याला 'घाबरू नको, मी इथेच आहे' हे कशानं सांगायचं?

आता हातांचा वापर कसा करायचा त्याबद्दल, कारण 'करा' एवढं म्हणूनही भागत नाही. उगाच हात फिरवत राहिलं तर बाळाला काही कळत नाही. आम्हाला शिकवण्यासारखं इथे खूप आहे आणि ते तुम्हीच शिकवू शकता.

ऐकू येणारं बाळ चेंडूकडे बघता बघता 'चेंडू' हा शब्द ऐकतं. डोळे एका कामाला, कान दुसऱ्या. माझ्या मुलीला दोन्ही कामं बऱ्याच अंशी डोळ्यांनीच करावी लागत: आधी चेंडू, मग मी, मग पुन्हा चेंडू. म्हणून तिची नजर माझ्याकडे वळेपर्यंत थांबायला शिकणं हा माझा पहिला धडा होता. ते भयंकर कठीण असतं. चार सेकंद गप्प बसणं एका काळजीत पडलेल्या आईला युगासारखं वाटतं. आधी मी काय करायची, तर तिची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवायची. ती वैतागायची आणि चेंडूही हातचा जायचा. नव्या बाईंनी तो हात हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, 'ती वळेल. वळली की लगेच द्या.' ती वळली. मी दोन हातांचा गोल करून 'चेंडू!' म्हटलं. तिनं चेंडूकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मी इतका नेमका बोललेला शब्द तो पहिला.

कर्णबधिर आया हे सगळं न शिकवता करतात. बाळाच्या नजरेच्या टप्प्यात हात आणतात, वस्तूच्या शेजारी खूण करतात, कधी बाळाच्याच अंगावर करतात, हलकेच थोपटून लक्ष वेधतात. खूण मोठी, संथ आणि पुन्हा पुन्हा करतात. आपण 'बाळबोली' बोलतो ना, तशीच ती हातांची बाळबोली. पण श्रवणदोष असलेली दहापैकी नऊहून अधिक मुलं माझ्यासारख्या ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आम्हाला हे कुणी दाखवलं नाही तर ठाऊक होण्याचा मार्गच नाही. तुमच्या केंद्रात एखाद्या कर्णबधिर आईला बोलावून तासभर आमच्यासमोर तिच्या बाळाशी खेळू द्या. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते त्या तासात होईल.

बाकी गोष्टी छोट्या आहेत. खिडकीला पाठ करून बसू नये, चेहरा काळा दिसतो. वस्तू तोंडाजवळ धरून नाव घ्यावं म्हणजे वस्तू, ओठ आणि आवाज एकाच जागी येतात. खूण आणि शब्द एकाच क्षणी, शब्द नेहमी पूर्ण आवाजात. घरातल्या सगळ्यांनी एका गोष्टीला एकच खूण वापरावी. आमच्याकडे 'संपलं'ला तिघांच्या तीन खुणा होत्या आणि बिचारी गोंधळायची.

आता तुमचा आक्षेप, जो मी अनेकदा ऐकला आहे. हाताचा सोपा मार्ग मिळाला की मूल आवाजाचा अवघड मार्ग धरणार नाही. ऐकायला पटतं. पण हात आणि वाणी या एकमेकींच्या सवती नाहीत. जन्मांध मुलंसुद्धा बोलताना हातवारे करतात, समोरचाही अंध आहे हे माहीत असताना करतात. हे १९९८ मध्ये नोंदलं गेलं आहे. त्यांनी आयुष्यात कुणाचे हातवारे पाहिलेले नसतात. म्हणजे बोलणं आणि हात आतूनच जोडलेले आहेत. जी भाषा हातांनीच बोलली जाते ती रोज पाहणारी कर्णबधिर बाळं, ऐकणारी बाळं 'बाबाबा' करतात त्याच वयात, हातांनी बडबड करतात, हेही १९९१ मध्ये दिसून आलं.

एक गोष्ट मी लपवणार नाही. २०१७ साली कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवलेलं श्रवण-उपकरण, असलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात ज्या घरांत खुणांचा वापर नव्हता त्या मुलांचं बोलणं आणि वाचन सरस दिसलं. तुमच्यापैकी काही जण तो दाखवतात. त्यावर तज्ज्ञांनीच आक्षेप घेतले आहेत: 'खुणांचा वापर' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या, आणि ज्या मुलांचं बोलणं लवकर सुधारलं त्यांच्या घरी खुणा आपोआप मागे पडल्या असतील तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरवता येत नाही. दुसरीकडे, सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषा मिळालेल्या, ऐकू येणाऱ्या आईबापांच्या कर्णबधिर मुलांचा शब्दसंग्रह वयाप्रमाणे वाढतो, असं २०२१ मध्ये दिसलं. वाद संपलेला आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीवर तुमच्यात एकमत नाही ती आम्हाला छापील मनाई म्हणून का दिली जाते?

आणि इथे एक भेद स्पष्ट करते, कारण पालक म्हणून माझाही गोंधळ झाला होता. आजीची मूठ हा हावभाव आहे, भाषा नव्हे. सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा असते. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल हे मांडलं, तोवर पंडितांना ते पटत नव्हतं. घरगुती हावभाव बोलीकडे जाणारा पूल होऊ शकतात, सांकेतिक भाषेकडे जाणाराही होऊ शकतात. पण मूल चार वर्षांचं झालं तरी फक्त पुलावरच उभं असेल, तर ते फार मोठं नुकसान आहे. ज्यांना भाषेपर्यंत पोचूच दिलं नाही अशी मुलं स्वतःच्या खुणा स्वतः घडवतात, त्यांना क्रमही लावतात. माणसाच्या बाळाची भाषेची भूक किती मोठी असते, त्याचा तो पुरावा आहे. पण कुठल्याही बाळावर ती वेळ यायला नको. म्हणून ज्या मुलाला यंत्रानं पुरेसं मिळत नाही त्याच्या पालकांना सांकेतिक भाषेचा रस्ता लवकर दाखवा, 'बोलणं जमलं नाही तर शेवटी बघू' म्हणून राखून ठेवू नका. पहिली वर्षं परत येत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला सांगता. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, ही घाई त्यासाठीच तर आहे.

चौथी सूचना कुठून आली हेही मी शोधलं. १८८० साली मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी भाषेनं शिकवावं असा ठराव झाला. ज्यांच्याबद्दल तो होता त्यांना त्यात जवळपास आवाज नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात शाळेत दाबले गेले. २०१० साली व्हॅन्कूव्हरच्या परिषदेत ते ठराव नाकारले गेले आणि झालेल्या नुकसानाबद्दल खेद व्यक्त झाला. एकशे तीस वर्षं लागली. माझ्या हातात पडलेला कागद त्यानंतरचा होता.

ऐकण्याच्या सरावासाठी थेरपीत तुम्ही कधी तोंड झाकून बोलता, कधी मुद्दाम हात बाजूला ठेवता. त्याला माझा विरोध नाही. कानाला एकट्यानं काम करायची सवय लागायला ती दहा मिनिटं हवीतच, आणि माझ्या मुलीला त्यांचा फायदा झाला. माझं म्हणणं उरलेल्या दिवसाबद्दल आहे. सरावाचा नियम घराचा नियम होऊन बसतो, कारण आम्ही घाबरलेले असतो आणि तुम्ही सांगाल ते दहापटीनं पाळतो. तुम्ही म्हणता 'हातवारे कमी करा', आम्ही बाळाचा हात धरून खाली करतो.

मागणी एवढीच आहे. तुमच्या केंद्रात असा कागद असेल तर तो आज बाहेर काढा आणि ती ओळ खोडा. तिच्या जागी लिहा: 'बाळ बोट दाखवेल तिकडे बघा, ते तुमच्याकडे वळलं की त्या गोष्टीचं नाव घ्या, आणि हातही वापरा.' बाळाच्या फाइलमध्ये ते किती शब्द बोलतं याचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी ते हातांनी काय काय सांगतं याचा एक रकाना घाला आणि दर भेटीला भरा. तो भरताना आईबरोबर आजी, आजोबा, बाबा, जो कोणी दिवसभर बाळाला सांभाळतो त्यालाही विचारा. आणि पुढच्या वेळी एखादी आई तुमच्यासमोर हात मांड्यांखाली घालून बसलेली दिसली, तर तिला ते काढायला सांगा.

आपली,
साडेचार वर्षांच्या एका मुलीची आई